पेटींतील पेटी

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालतो, हें प्रथम ऐकणारास थट्टेचें वाटतें. वस्तुतः ही कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं अशी एक व्यवस्था जाहीर केली कीं, यंत्र एकच असावें, परंतु तें वापरणाऱ्या प्रत्येकास आपल्यापुढें एक निराळें, संपूर्ण यंत्र आहे असें वाटावें. त्या काळीं असें यंत्र ठेवावयास मोठी खोली लागे. आज तोच खेळ मांडीवर मावणाऱ्या लॅपटॉपवर चालतो. त्यासाठीं जे प्रोग्राम मिळतात, त्यांपैकीं व्हर्च्युअलबॉक्स हा २००७ सालापासून पुष्कळांच्या हातीं आला. आंत चालणाऱ्या यंत्रास ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. या लेखापुरतें आपण त्यास आंतली पेटी म्हणूं, आणि खऱ्या लॅपटॉपास बाहेरची पेटी.

आंतल्या पेटीस स्वतःचा पडदा असतो, स्वतःची स्मृति असते, स्वतःचें घड्याळ असतें. आपण दुसऱ्याच्या घरांत राहत आहों, याची तिला बहुधा वार्ताही नसते. तींत कांहीं बिघडलें तर ती तेवढी पुसून टाकावी. बाहेरच्या पेटींतील कागदपत्रांचा केंसही वांकडा होत नाहीं. शिकाऊ माणसास याहून मोठी सोय कोणती असणार?

माझ्या काकांच्या घरीं या सोयीची फार गरज होती. मंगरुळपीरजवळच्या एका गांवीं त्यांचें खतें व बियाणें यांचें लहानसें दुकान आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झाला. जिल्ह्याचें ठाणें बदललें, परंतु शेतकऱ्याचें व दुकानदाराचें नातें पूर्वींचेंच राहिलें. मृगाच्या सुमारास शेतकरी सोयाबीनचें बी व खत उधार नेतो. माल निघून बाजारांत विकला गेला, म्हणजे दिवाळीच्या आगेंमागें ती उधारी फिटूं लागते. कोणीं किती नेलें, किती दिलें, किती राहिलें, हें सर्व काकांच्या लॅपटॉपवर आहे. हिशोबाची एक प्रत त्यांनीं निराळी काढून ठेविली होती खरी, पण ती ऑगस्ट महिन्यांतील; त्यानंतरच्या नोंदी कोठेंच दुसरीकडे नव्हत्या.

घरांत लॅपटॉप हा एकच. माझी चुलतबहीण इयत्ता दहावींत आहे. तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठीं आपल्या तालुक्याचा पाऊस व सोयाबीनच्या पेरणीच्या तारखा यांचा आलेख संगणकाकडून काढून घ्यावयाचा होता. दिवसा यंत्र काकांचें, रात्रीं तिचें, अशी वांटणी झाली. काकांच्या हिशोबाच्या शेजारीं प्रयोग करण्यास तिला भीति वाटे, म्हणून मीं उन्हाळ्याच्या सुटींत तिला त्याच लॅपटॉपवर एक आंतली पेटी मांडून दिली व तींत लिनक्स घातलें. त्या पेटींत तिनें हवें तें करावें, हवें तें मोडावें, असें ठरलें. चार महिने सर्व सुरळीत चाललें.

दिवाळीच्या सुटींतल्या एका शनिवारीं रात्रीं मला पुण्यास काकूंच्या फोनवरून तिचा फोन आला. आंतल्या पेटीस इंटरनेट मिळेना. आलेख काढण्यासाठीं एक तयार साधन उतरवून घ्यावयाचें होतें, तेंच उतरेना. सोमवारीं शिक्षकांस काम दाखवावयाचें होतें. गांवांत संध्याकाळपासून वीज नव्हती, आणि लॅपटॉपची बॅटरी ३१ टक्के उरली होती. तिनें संगणक दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांस विचारलें होतें. त्यांनीं यंत्र न पाहतांच निकाल दिला कीं, सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल.

हा सल्ला मला नवा नव्हता. ताप कसला आहे हें न पाहतां सलाईन लावा म्हणणारे लोक जसे आपल्याकडे आहेत, तसे संगणकाच्या बाबतींत ‘फॉर्मॅट मारा’ म्हणणारेही आहेत. त्यानें कधीं कधीं गुणही येतो, हेंच वाईट. कारण दोष कोठें होता हें मग कोणासच कळत नाहीं. इकडे फोनवर काकांचा आवाज मला स्पष्ट ऐकूं येत होता. “बाप्पा, ते सारं पुसू नोका! त्यात माही उधारी हाय. ते गेली त् मी कोनाच्या दारी जाऊ?”

मीं त्यांस सांगितलें कीं, कांहींही पुसावयाचें नाहीं, आणि बाहेरच्या पेटीस आपण हातही लावणार नाहीं. काकांचा त्यावर किती विश्वास बसला कोण जाणे. ते तेथेंच खुर्ची ओढून बसले, एवढें काकूंनीं मागाहून सांगितलें.

आतां पुण्यांत बसून मंगरुळपीरकडचें यंत्र कसें तपासावें? पडदा मला दिसत नव्हता. मला जें कांहीं कळणार, तें तिच्या तोंडून. म्हणून पहिली अट मीं ही घातली कीं, “इंटरनेट नाहीं” हें वाक्य बोलावयाचें नाहीं. पडद्यावर जीं अक्षरें असतील, तींच जशींच्या तशीं वाचावयाचीं. तिनें वाचलें : “टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन.” म्हणजे नांवाचा उलगडा तूर्त होत नाहीं. या चार-पांच शब्दांत अर्धें निदान होतें. परंतु संशय आला म्हणून तो सिद्ध झाला असें होत नाहीं. तेव्हां आम्ही वाट मुळापासून चालावयाचें ठरविलें.

ही वाट कशी असते तें सांगितलें पाहिजे, नाहीं तर पुढचें समजणार नाहीं. आपल्या शाळेच्या वसतिगृहाचें उदाहरण घ्या. मुलगा घरीं पत्र लिहितो, तेव्हां पाठवणाराचा पत्ता म्हणून शाळेचा पत्ता घालतो. तो कोणत्या खोलींत निजतो, हें पोस्टास ठाऊक नसतें व ठाऊक असण्याचें कारणही नसतें. उत्तर शाळेच्या पत्त्यावर येतें आणि अधीक्षक तें ज्याचें त्यास पोंचवितात. आंतल्या पेटीची व्यवस्था हुबेहूब अशीच आहे. व्हर्च्युअलबॉक्स तिला एक आंतला पत्ता देतो, बहुधा १०.०.२.१५. हा पत्ता बाहेरच्या जगांत चालत नाहीं. जगांतील संगणकांस पुरतील इतके पत्ते नाहींत, हें ध्यानांत आल्यावर १९९४ सालीं कांहीं पत्ते केवळ घरगुती वापरासाठीं राखून ठेवण्यांत आले, त्यांपैकींच हा एक. त्याच आंतल्या अंगणांत १०.०.२.२ या पत्त्यावर अधीक्षक बसलेला असतो. आंतल्या पेटीचें प्रत्येक पत्र तो आपल्या हातीं घेतो, लॅपटॉपच्या नांवानें बाहेर धाडतो, कोणाचें काय गेलें तें आपल्या वहींत टिपतो, आणि उत्तर आलें कीं त्या वहीवरून आंत पोंचतें करतो. या पद्धतीस ‘नॅट’ म्हणतात.

पत्रानें एवढ्या दारांतून जावयाचें : आंतल्या पेटीपासून अधीक्षकापर्यंत, तेथून लॅपटॉपच्या वायफायनें काकांच्या मोबाइलपर्यंत, मोबाइलवरून टॉवरकडे, आणि तेथून जगांत. कोठें तरी एक दार बंद होतें. तें कोणतें?

बाहेरच्या पेटींत एखादें पान उघडतें का, हें आधीं पाहिलें. हवामानाचें पान तत्काळ उघडलें. अर्थात् मोबाइल, टॉवर व त्यापलीकडचें जग निर्दोष ठरलें. वाटेचा निम्म्याहून अधिक भाग एका प्रश्नांत निकालांत निघाला. मग आंतल्या पेटीस तिचा पत्ता विचारला. तिनें १०.०.२.१५ असें सांगितलें. पत्ता मिळाला होता, तेव्हां आंतली तार जोडलेली होती. नंतर अधीक्षकास हांक मारली.

हांक मारण्याचें जें साधन आहे, त्याचें नांव ‘पिंग’. अमेरिकेंतील माइक म्यूस नांवाच्या गृहस्थांनीं १९८३ च्या डिसेंबरांत तें तयार केलें. पाणबुडीचा ठाव घेण्यासाठीं पाण्यांत आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतात. त्या आवाजावरून त्यांनीं हें नांव ठेविलें. आपण एका पत्त्यावर ‘ओ’ म्हणावयाचें, व पलीकडून ‘ओ’ आली तर वाट मोकळी आहे असें समजावयाचें. (उलट मात्र नेहमींच खरें नाहीं. कांहीं यंत्रें हांकेस उत्तर न देण्याचाच नियम पाळतात. तेव्हां न आलेली ‘ओ’ म्हणजे मरण नव्हे.) अधीक्षकानें ओ दिली. मग मीं तिला थेट बाहेरच्या जगांतील एक प्रसिद्ध पत्ता दिला : ८.८.८.८. हा गूगल कंपनीच्या एका सेवेचा पत्ता असून लक्षांत ठेवण्यास सोपा, म्हणून जगभर लोक तोच वापरतात. क्षणभर ती कांहीं बोलली नाहीं. मग एकदम म्हणाली, “दादा, उत्तर येतें आहे! चारही वेळां आलें!”

तिचा आनंद मला समजला, कारण मलाही तोच झाला होता. जिला ‘इंटरनेट नाहीं’ असें म्हटलें जात होतें, त्या पेटीचें पत्र मंगरुळपीरजवळच्या अंधाऱ्या घरांतून जगांत जाऊन परत येत होतें. सर्व दारें उघडीं होतीं. मग पेटी कुरकुरत होती ती कशासाठीं?

तें आरंभींच्या वाक्यांतच होतें : नांवासाठीं. संगणक एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात. नांवें हीं आपल्यासारख्या विसराळू माणसांसाठीं आहेत. आरंभीं यंत्रें थोडीं होतीं, तेव्हां सर्वांचीं नांवें व आंकडे एकाच यादींत असत. ती यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत राखली जाई व बाकीचे तिच्या प्रती उतरवून घेत. यंत्रें वाढलीं तशी ती यादी पुरी पडेना. १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं निराळी योजना मांडली. तींत एक यादी नाहीं. ठिकठिकाणीं माहितगार नेमलेले असतात, आणि ज्यास नांवाचा आंकडा हवा त्यानें आपल्या जवळच्या माहितगारास विचारावें. हा माहितगार म्हणजेच ‘डीएनएस’. त्याचें उत्तर आलें नाहीं, तर वाट मोकळी असूनही माणूस जागच्या जागीं उभा राहतो. कोणाच्या घरीं जावयाचें तेंच त्यास ठाऊक नसतें.

मीं विचारलें, “आंतली पेटी माहितगार म्हणून कोणास विचारते आहे?” त्यासाठीं एक आज्ञा लिहावी लागते, ती तिनें लिहिली व उत्तर वाचलें : १९२.१६८.१.१.

येथें मला थांबावें लागलें. हा पत्ता काकांच्या मोबाइलचा नव्हता. त्यांच्या मोबाइलचा पत्ता लॅपटॉपवर पाहिला, तो १९२.१६८.४३.१ असा निघाला. मग १९२.१६८.१.१ हा कोण? काकांच्या घरीं भिंतीवर टांगलेला राउटर! परंतु राउटर विजेवर चालतो, आणि वीज तर संध्याकाळपासून नव्हती. लॅपटॉप त्याला सोडून केव्हांच मोबाइलच्या आश्रयास आला होता. आंतली पेटी मात्र अजून त्या बंद पडलेल्या राउटरच्याच दारावर थाप मारीत बसली होती.

असें कां व्हावें? तेवढ्यांत तीच म्हणाली, “दादा, आंतलें घड्याळ चुकलें आहे. आंत अजून गुरुवारचे पावणेनऊ वाजले आहेत.” बाहेर शनिवारचे सव्वानऊ झाले होते.

हें तिनें आपणहून पाहिलें, मीं विचारलें नव्हतें. आणि त्या रात्रींचें खरें निदान माझ्या मतें त्याच क्षणीं झालें. आंतली पेटी बंद करण्याचे दोन प्रकार आहेत. एक रीतसर बंद करणें. दुसरा, आहे त्या स्थितींत गोठवून ठेवणें, म्हणजे पुढच्या वेळीं सर्व खिडक्या होत्या तशाच उघड्या सांपडतात. गुरुवारीं रात्रीं वीज होती, राउटर चालू होता. त्या वेळीं पेटी आरंभापासून चालू झाली, तेव्हां तिनें लॅपटॉपकडून माहितगाराचा पत्ता घेतला, आणि मग ती तशीच गोठविली गेली. शनिवारीं ती जागी झाली ती आपला गुरुवार बरोबर घेऊन : गुरुवारचें घड्याळ, गुरुवारचा माहितगार. बाहेर रस्ता बदलला आहे, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. पुराणांतला मुचकुंद गुहेंत निजला व युग पालटल्यावर उठला, त्यांतलाच हा प्रकार.

ज्या घरांत एकच वाट आहे, त्या घरांत यामुळें कधींच अडत नाहीं. गुरुवारचा माहितगार शनिवारींही तोच असतो. आपल्याकडे मात्र वीज गेली कीं राउटर जातो, आणि माणूस मोबाइलवर येतो. वीज आली कीं पुन्हां राउटरवर. रब्बीचे पंप सुरू झाले कीं वीज जाण्याची वेळही नेमाची राहत नाहीं. ज्यांनीं हा प्रोग्राम लिहिला, त्यांच्या डोळ्यांपुढें असें घर नसावें, असा माझा तर्क आहे. असो.

उपाय दोन होते. पहिला तात्पुरता : आंतली पेटी रीतसर बंद करून नव्यानें चालू करणें, म्हणजे ती आजचा माहितगार विचारून घेईल. दुसरा कायमचा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्यें ‘होस्ट रिझॉल्व्हर’ नांवाची एक सोय आहे. ती मुळांत बंद असते. ती चालू केली म्हणजे आंतल्या पेटीस बाहेरच्या कोणत्याही माहितगाराचा पत्ता दिलाच जात नाहीं. तिला १०.०.२.३ हा अंगणांतलाच पत्ता मिळतो. नांवें तेथें विचारावयाचीं, आणि लॅपटॉप त्या वेळीं ज्यास ओळखत असेल त्यास तो विचारून सांगतो. लॅपटॉपचा रस्ता कितीही वेळां बदलो, आंतल्या पेटीस त्याची दखल घेण्याचें कारण उरत नाहीं.

मध्यें तिच्या एका वर्गमित्रानें नॅट काढून ‘ब्रिज’ पद्धत लावावी, असें सुचविलें होतें. तींत आंतली पेटी लॅपटॉपच्या आडून न बोलतां, बाहेरच्या जाळ्यांत स्वतःच्या निराळ्या पत्त्यानें उभी राहते. तारेच्या जाळ्यावर ही पद्धत चांगली चालते. वायफायवर ती पुष्कळदां अडते, कारण एका जोडणीमागें दोन यंत्रें कांहीं साधनांस मानवत नाहींत. शिवाय ८.८.८.८ चें उत्तर येत होतें, तेव्हां नॅटकडे दोष नव्हता. ज्या दारांतून माणसें ये-जा करीत आहेत तें उखडण्यांत अर्थ नाहीं, असें मीं तिला म्हटलें व तिला तें पटलें.

बॅटरी १९ टक्के उरली होती. तिनें आंतली पेटी रीतसर बंद केली. ती सोय चालू करण्याची आज्ञा बाहेरच्या पेटींत लिहावी लागते, हें ऐकतांच काका पुन्हां उठून उभे राहिले. ही आज्ञा केवळ आंतल्या पेटीच्या वर्णनाच्या फाइलींत एक ओळ घालते, हिशोबाच्या वहीशीं तिचा संबंध नाहीं, हें मुलीनेंच त्यांस समजावून सांगितलें. मला बोलावें लागलें नाहीं. तिनें आज्ञा एक एक अक्षर मला वाचून दाखविली, मग कळ दाबली. पेटी पुन्हां चालू झाली तेव्हां आंतल्या घड्याळांत शनिवारच होता. नांवानें हांक मारली; ओ आली. आलेखाचें साधन उतरूं लागलें, आणि तें पुरें उतरलें तेव्हां बॅटरी १४ टक्क्यांवर होती.

मीं फोन ठेवण्यास सांगितलें, पण तिनें ठेविला नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, उपाय कायमचा आहे हें अजून ठरलेलें नाहीं. वीज येऊन रस्ता पुन्हां बदलेल तेव्हांच तें कळेल. ही शंका रास्त होती. तिनें पेटी मुद्दाम गोठवून ठेविली, लॅपटॉप बंद केला, आणि वीज येईपर्यंत जागी राहिली. साडेअकराच्या सुमारास वीज आली. राउटर पेटला, लॅपटॉप मोबाइल सोडून त्याच्यावर गेला. मग तिनें गोठविलेली पेटी उघडली. घड्याळ पुन्हां मागें पडलें होतें, कारण त्याचा उपाय आम्हीं केलाच नव्हता. परंतु नांवास ओ आली. तिनें मला दोन शब्दांचा निरोप धाडला : “आली. झोपते.”

काका मात्र त्या रात्रीं लगेच निजले नाहींत. मुलीनें यंत्र ठेवल्यावर त्यांनीं तें उघडलें, हिशोबाची वही लावली, आणि जूनपासूनचीं सर्व नांवें वरपासून खालपर्यंत वाचून काढलीं. मग पेन ड्राइव्ह शोधून त्यांनीं ऑगस्टच्या प्रतीवर त्या दिवसाची प्रत काढली, व चष्मा काढून ठेवला.